शिकारी माशांच्या टाकीत कोणती झाडे टिकतात?

शोभेच्या माशांचा धंदा आता एकट्या मासेविक्रेत्याचा राहिलेला नाही. काच कापणारा, सिलिकॉनने टाकी जोडणारा, लोखंडी स्टँड बनवणारा वेल्डर, वरचे झाकण करणारा सुतार आणि घरोघरी जाऊन टाक्या साफ करणारा तरुण, अशा अनेक हातांना त्यातून रोजी मिळते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपासून कुर्ल्यापर्यंत आमचे कित्येक बांधव या व्यवसायात आहेत. मोठी टाकी विकली जाते ती बहुधा ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न अशा मोठ्या शिकारी माशांसाठी. टाकी घेणारे गिऱ्हाईक हमखास म्हणते, "आत प्लास्टिक नको, खरी झाडे लावून द्या." या एका मागणीपायी अनेक दुकानदार फसले आहेत. आम्हीही फसलो.

काही वर्षांपूर्वी एका हॉटेलमालकाने आमच्याकडून सहा फुटी टाकी घेतली. आत चार ऑस्कर सोडले. दिसायला सुंदर म्हणून आम्ही वाळूत कॅबोम्बाच्या नाजूक जुड्या रांगेने लावून दिल्या. चौथ्या दिवशी सगळ्या जुड्या पाण्यावर तरंगत होत्या. रात्री त्यांचा गोळा फिल्टरच्या तोंडाशी अडकला, पंप बंद पडला आणि सकाळी दोन मासे मेलेले आढळले. मालक रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाई, ही झाडे टिकणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक असायला हवे होते." आम्ही मासे भरून दिले, पण ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. त्या धड्यातून जे शिकलो, ते येथे देत आहोत.

मासा झाड खात नाही, उपटतो

ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील मासा. तो वाढून फूटभर होतो. तो मांसाहारी आहे, पण वाळू तोंडात घेऊन थुंकणे आणि खड्डे खणणे ही त्याची सवयच. अंडी घालण्याच्या वेळी तर तो जागाच साफ करतो. फ्लॉवरहॉर्न त्याहून वरचढ. अरोवाना मात्र पृष्ठभागाजवळ फिरतो, खाली खणत नाही. म्हणून अरोवानाच्या टाकीत झाडे लावणे सर्वांत सोपे.

खरी झाडे खाणारे मासे वेगळे. सिल्व्हर डॉलर हा त्यांपैकी एक. बाजारात रूपचंद नावाने मिळणारा पाकू दुसरा. त्याची पिल्ले कधी कधी पिरान्हा म्हणून खपवली जातात. ऑस्करसोबत हे मासे असतील तर कोमल पानांचे कोणतेही झाड देऊ नये. तेव्हा झाड विकण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारावा, की टाकीत कोणकोण आहे?

वाळूत लावू नका, बांधा

उपटणाऱ्या माशावर सोपा तोडगा म्हणजे मुळात वाळूत न लागणारी झाडे घेणे. यात दोन नावे लक्षात ठेवावीत : अनुबियास आणि जावा फर्न.

अनुबियास आफ्रिकेतील, आपल्या अळूच्याच कुळातील. पाने जाड व कडक, वाढ अगदी सावकाश, उजेड कमी चालतो. जावा फर्न आग्नेय आशियातील. तोही कमी उजेडात जगतो आणि त्याच्या जुन्या पानांच्या टोकांवर नवी रोपे फुटतात. म्हणजे दुकानदाराला एका झाडातून पुढचा माल मिळत राहतो. आफ्रिकेतीलच बोल्बिटिस हाही याच जातीचा टिकाऊ फर्न.

या तिन्ही झाडांचे आडवे खोड वाळूत पुरले तर ते कुजते. ही चूक सर्रास होते. खोड लाकडावर किंवा दगडावर ठेवून दोऱ्याने बांधावे. सुती दोरा काही आठवड्यांत विरतो, म्हणून दांडग्या माशांच्या टाकीत नायलॉनचा दोरा वापरावा आणि त्याची टोके अगदी जवळून कापावीत. सुटे टोक मासा गिळू शकतो. तांब्याची तार कधीही वापरू नये. काही आठवड्यांत मुळे लाकूड धरतात.

येथे कारागिरांसाठी काम आहे. भिजवून पाण्यात बुडेल असे तयार केलेले लाकूड, त्यावर आधीच मुळे धरलेले अनुबियास, असा तयार नग सुट्या रोपापेक्षा चांगल्या भावाने विकला जातो. गिऱ्हाईकाने फक्त टाकीत ठेवायचा असतो.

मुळे रोवणारी झाडे

मागच्या बाजूला उंची हवी असेल तर जायंट व्हॅलिसनेरिया आणि ॲमेझॉन स्वोर्ड घ्यावेत. पण ते मातीच्या कुंडीत लावावेत, वर जड गोटे ठेवावेत आणि मासे सोडण्याआधी तीन-चार आठवडे मुळे धरू द्यावीत. रोपवाटिकेत स्वोर्ड बहुधा पाण्याबाहेर वाढवलेला असतो. टाकीत गेल्यावर त्याची जुनी पाने गळतात आणि नवी येतात. हे आधी सांगितले नाही तर गिऱ्हाईक रोप सडके निघाले असे समजते.

मोठा दगड ठेवताना तो वाळूवर ठेवू नये. खाली पातळ थर्माकोल घालून थेट तळावर ठेवावा, वाळू नंतर भरावी. ऑस्करने खालची वाळू काढली की दगड कलंडतो आणि काच फुटते. स्टँड करणाऱ्यानेही हिशेब ठेवावा : ६ × २ × २ फुटांच्या टाकीत काठोकाठ सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे दगड व काच सोडून ६८० किलो वजन.

वर वाढणारी झाडे

फ्लॉवरहॉर्नसारख्या माशापुढे वरीलपैकीही सगळे टिकेलच असे नाही. तेथे सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मनी प्लांट. मुळे वरच्या फिल्टरच्या पेटीत, पाने टाकीबाहेर. पाने पाण्यात जाऊ देऊ नयेत, कारण ती माशांना बाधक असतात. मुळे पाण्यातील नायट्रेट शोषतात आणि मासा तेथे पोहोचत नाही. हॉर्नवर्ट हे बिनमुळांचे झाडही तरंगत ठेवता येते, पण फिल्टरच्या तोंडाला जाळी लावल्याशिवाय नको. अरोवानाच्या टाकीत वरची जागा मोकळी ठेवावी. तो उडी मारतो, म्हणून झाकणही घट्ट हवे.

उजेड आणि पाणी

या झाडांना महागडे दिवे किंवा गॅसची नळकांडी लागत नाहीत. साधा एलईडी रोज सहा ते आठ तास पुरतो. जास्त लावला तर अनुबियासच्या पानांवर शेवाळ चढते. नवे रोप आणल्यावर दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवावे, म्हणजे गोगलगायी व रोग टाकीत येत नाहीत.

एक खोटे मात्र बोलू नये : "झाडे लावली की पाणी बदलायला नको." शिकारी मासे भरपूर घाण करतात आणि अनुबियास सावकाश वाढतो, म्हणून तो फार थोडी घाण शोषतो. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी, क्लोरीन घालवून, बदलावेच लागते. काढलेली झाडे व नकोसे झालेले मासे नदी-तलावात टाकू नयेत. ते तेथे पसरून स्थानिक माशांचा घास घेतात.

आमच्या त्या हॉटेलमालकांना कॅबोम्बाऐवजी लाकडाला बांधलेला अनुबियास दिला असता तर पहिल्या दिवशी टाकी थोडी सुनी दिसली असती, पण वर्षानंतरही ती हिरवी राहिली असती. म्हणून आता आम्ही टाकी विकताना आधी मासे विचारतो, मग झाड दाखवतो, आणि जे टिकणार नाही ते टिकणार नाही असे तोंडावर सांगतो. त्यात एखादी विक्री हातची जाते. गिऱ्हाईक जात नाही.