ग्रामीण सांडपाणी व्यवस्थापन आणि स्थानिक जलस्रोतांचे संरक्षण : एक विवेचन

प्रस्तावना :
ग्रामीण भागात पाणी कसे पोहोचवावे, याचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ होत आला आहे. तथापि वापरलेल्या पाण्याचे पुढे काय होते, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरविले. पुरविलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाण्याच्या रूपाने बाहेर पडतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. या हिशेबाने २,००० लोकवस्तीच्या गावात दररोज सुमारे ८८,००० लिटर सांडपाणी निर्माण होते. हे पाणी प्रक्रियेविना ओढ्यात गेले, तर ओढ्याकाठच्या विहिरीलाच त्याचा धोका संभवतो.

सांडपाण्याचे स्वरूप :
घरगुती सांडपाण्याचे दोन भाग पडतात. मोरी, न्हाणी व धुण्याभांड्यांचे पाणी प्रमाणाने अधिक, परंतु त्यात रोगजंतू तुलनेने कमी असतात. शौचालयातील मैलापाणी प्रमाणाने अल्प असले, तरी रोगजंतू व नत्र यांचा मोठा भाग त्यातच असतो. नत्रापासून बनणारे नायट्रेट भूजलात सहज मिसळते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून, त्याहून अधिक प्रमाण विशेषतः तान्ह्या बालकांस घातक ठरू शकते. म्हणून हे दोन प्रवाह प्रथमपासून वेगळे ठेवणे, ही व्यवस्थापनाची पहिली पायरी होय.

जमिनीची भूमिका :
शोषखड्डा हा सर्वांत स्वस्त व परिचित उपाय आहे. परंतु त्यात शुद्धीकरणाचे काम खड्डा करीत नाही, तर भोवतालची माती व तिच्यातील सूक्ष्मजीव करतात. त्यामुळे एकच नमुना सर्वत्र उपयोगी पडत नाही. दख्खनच्या पठारावरील काळी चिकण माती ओली होताच फुगते आणि पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. अशा ठिकाणी खड्डा लवकर तुंबतो. याउलट कोकणातील जांभ्या खडकाच्या पोकळ्यांतून पाणी इतक्या वेगाने खाली जाते, की गाळण होण्यास पुरेसा अवधीच मिळत नाही. तेथे खड्डा तुंबत नाही, म्हणून तो यशस्वी वाटतो. प्रत्यक्षात अपायाची शक्यता तेथेच अधिक असते, कारण परसातील विहीर जवळच असते.

मातीची परीक्षा सोपी आहे. लहान खड्डा खणून, माती आधी पूर्ण भिजवून, पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास लागणारा वेळ मोजावा. सेप्टिक टाकीच्या पाण्याबाबत भारतीय मानक २४७० नुसार हा वेळ ३० मिनिटांपर्यंत असल्यास शोषखड्डा चालतो. ६० मिनिटांहून अधिक लागल्यास जमिनीत मुरविण्याचा मार्गच सोडावा लागतो. तसेच विहिरीपासून किमान १८ मीटर अंतर राखणे आवश्यक मानले आहे.

पर्यायी पद्धती :
जेथे माती साथ देत नाही, तेथे गटाराच्या टोकाशी सामूहिक प्रक्रिया करता येते. स्थिरीकरण तलावांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शेवाळ प्राणवायू पुरविते आणि जीवाणू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात. खडी-वाळूच्या थरात कर्दळ वा पाणकणीस लावलेल्या वाफ्यांतूनही पाणी गाळले जाते. दोहोंना वीज जवळजवळ लागत नाही. मात्र गाळ काढणे व झाडोरा छाटणे ही कामे नियमित व्हावी लागतात. त्यांची जबाबदारी आणि तरतूद ग्रामपंचायतीने आधीच ठरविणे इष्ट होय.

निष्कर्ष :
राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आपली महाविद्यालये दत्तक गावांत शोषखड्डे खणतात. हे श्रमदान स्तुत्यच आहे. परंतु खड्ड्यांची संख्या हे यशाचे माप नव्हे. शिबिराच्या पहिल्या दिवशी मुरण्याची परीक्षा, विहिरींचे अंतर व भूजलपातळी यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेतली आणि पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट व जीवाणूंची तपासणी रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी केली, तर गावाला खड्ड्याबरोबर त्याच्या योग्यतेची खात्रीही मिळेल. स्थानिक जलस्रोतांचे संरक्षण यंत्राच्या आकारावर नव्हे, तर स्थानिक जमिनीच्या ज्ञानावर अवलंबून आहे, हेच यावरून स्पष्ट होते.