ट्रॅक्टरचे स्टिअरिंग ढिले झाले आहे का?

सोयाबीनची मळणी आटोपली की मालेगाव तालुक्यातील ट्रॅक्टर वावरातून रस्त्यावर येतात. वावरात स्टिअरिंग थोडे ढिले असले तरी भागते. पण भरलेली ट्रॉली घेऊन वाशीम-अकोला रस्त्याने जाताना समोरून ट्रक आला, किंवा पातूरचा घाट उतरायचा असला, की हाच ढिलेपणा जिवावर बेततो.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावावा व पुढची चाके सरळ ठेवावीत. साधे स्टिअरिंग असल्यास इंजिन बंद ठेवावे. आता स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे फिरवून, चाके हलण्यापूर्वी त्याची कड किती सरकते ते पट्टीने मोजावे. इंच-दोन इंच चालते. नेमके माप आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावे.

दोष नेमका कोठे आहे? प्रथम स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली व बाजूंना हलवा. खांबासकट डुलत असेल तर खांबाचे बोल्ट ढिले आहेत. ते आवळले की काम झाले. स्टिअरिंग फिरते पण आतील दांडा फिरत नाही, तर मधला नट पाहावा. नट घट्ट असूनही फरक राहिला तर दांड्याचे दाते झिजलेले असतात.

यापुढे दोन माणसे लागतात. एकाने स्टिअरिंग थोडे थोडे हलवावे, दुसऱ्याने बाजूला बसून खालचे सांधे पाहावेत. दांडा फिरतो पण ड्रॉप आर्म उशिरा हलतो, तर दोष स्टिअरिंग बॉक्सचा. तेथील स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा जास्त एकदम आवळू नये. फार आवळल्यास स्टिअरिंग जड होते, दाते लवकर झिजतात. हे काम शक्यतो मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

बहुतेक वेळा मात्र दोष टाय रॉडच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये सापडतो. आपल्या काळ्या मातीचा चिखल फाटक्या रबरी टोपीतून आत शिरतो व ग्रीस टिकत नाही. सांध्यावर हात ठेवल्यास खटका जाणवतो. काही जण त्यावर तार गुंडाळतात किंवा वेल्डिंग मारतात. असे कदापि करू नये. सांधा निसटला की चाक ताब्यात राहत नाही. नवीन सांधा बसवावा, कॉटर पिन नवीनच घालावी. जुना काढताना आट्यांचे फेरे मोजून ठेवावेत, नंतर चाकांचा टो-इन तपासून घ्यावा.

शेवटी पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून, खाली ठोकळे देऊन, चाक वर-खाली धरून हलवावे. चाक डुलल्यास हबचे बेअरिंग किंवा किंग पिनचे बुश पाहावे. चिखलात काम झाल्यास त्याच दिवशी निपल पुसून, जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरावे.