खंड पडलेली साधना

ध्यान शिकवणारी केंद्रे आज देशभर आहेत. परंतु ध्यानाची खरी कसोटी केंद्रात नव्हे, तर घरी लागते. शिबिराहून परतलेला साधक काही आठवडे नेमाने बसतो. मग घरी पाहुणे येतात, कामाची पाळी बदलते, कुणी आजारी पडते आणि नेम मोडतो. एकदा मोडलेला नेम कधी महिनोन् महिने, तर कधी वर्षानुवर्षे तसाच राहतो. असे का घडते आणि सुटलेला धागा पुन्हा हाती कसा घ्यावा, हे म्हणूनच समजून घेणे आवश्यक आहे.

विपश्यनेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ही पद्धत आत्मसात केली आणि १९६९ पासून ते ती भारतात शिकवू लागले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे १९७६ मध्ये धम्मगिरी केंद्र सुरू झाले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चार वाजता घंटा होते, भोजन तयार मिळते, मोबाइल जवळ नसतो आणि साधक मौन पाळतात. दिवसातील सुमारे दहा तास ध्यानासाठी राखलेले असतात. शिबिरानंतर घरी रोज सकाळी व संध्याकाळी एकेक तास बसावे, असे सांगितले जाते. घरी मात्र घंटा वाजवणारे कोणी नसते. नळाला पाणी येण्याची वेळ, कुकरची शिट्टी आणि मुलांची शाळा यांतूनच तो तास काढावा लागतो. केंद्रात नियम माणसाला सांभाळतो. घरी माणसाला नियम सांभाळावा लागतो. नेम मोडण्याचे कारण पुष्कळदा या फरकातच असते.

ही अडचण नवी नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत. त्यांत व्याधी, संशय आणि आळस आहेतच. पण शेवटचा अंतराय विशेष लक्षणीय आहे. त्याचे नाव ‘अनवस्थितत्व’, म्हणजे एखादी अवस्था साधूनही तीत टिकून न राहणे. साधना सुटण्याचा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की शास्त्राने त्याला स्वतंत्र नाव दिले.

खंडापेक्षा अधिक हानी त्याविषयीच्या अपराधी भावनेने होते. ‘इतके दिवस वाया गेले, आता काय उपयोग?’ या विचाराने माणूस आसनाकडे फिरकतच नाही. वस्तुतः ध्यान म्हणजे मन विचारशून्य करणे नव्हे. श्वासाकडे लक्ष द्यावे, मन भरकटले हे ध्यानी येताच त्याला परत आणावे, एवढेच त्याचे साधे रूप आहे. चंचल मन जेथे धावेल तेथून त्याला आवरून आणावे, असा उपाय भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही सांगितला आहे. एकाच बैठकीत असे परतणे अनेकदा घडते आणि तोच खरा अभ्यास होय. पाच मिनिटांनी परतणे व पाच महिन्यांनी परतणे यांत कृती एकच असते. केवळ अंतर वेगळे.

आधुनिक संशोधनही धीर देणारे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणे, पिणे व व्यायाम यांसंबंधीच्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडण्यास लागणारा काळ व्यक्तीनुसार १८ ते २५४ दिवस असा आढळला आणि एखादा दिवस चुकल्याने या प्रक्रियेत विशेष बाधा आली नाही. दीर्घ खंडानंतर मात्र सवय नव्याने लावावी लागते.

त्यासाठी सुरुवात लहान असावी. पहिल्याच दिवशी तासभर बसण्याचा हट्ट धरण्यापेक्षा दहा मिनिटे रोज बसणे हितावह. सकाळचा चहा किंवा संध्याकाळची दिवाबत्ती अशा ठरलेल्या कामाला बैठक जोडावी, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. घराचा एक कोपरा निश्चित करावा आणि घरच्यांना ती वेळ सांगून ठेवावी. मांडी घालणे जमत नसल्यास खुर्चीवर बसावे. सकाळ चुकली तर रात्री पाच मिनिटे तरी बसावे. पूर्वी लाभलेली शांती लगेच मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. बसल्यावर मनाचा त्रास वाढत असेल किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शाळा सुटलेली व्यक्ती अनेक वर्षांनी पुस्तक उघडते, तेव्हा पहिल्या पानावर बोट अडखळते. पण मुळाक्षरे विसरलेली नसतात. साधनेचेही तसेच आहे. मधला काळ पुसून टाकता येत नाही आणि त्याची आवश्यकताही नसते. आज दहा मिनिटे बसणे, हे आजचे काम. उद्याची बैठक उद्या.