दुधातलं कीटकनाशक आणि सेंटिमीटरभर धागा

लॅक्टोमीटरचा आकडा बरोबर आला की दूध चोख, असं डेअरीच्या रांगेत आजही मानतात. पण लॅक्टोमीटर फक्त घनता सांगतो. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम कीटकनाशक असलं, तर घनतेत तसूभरही फरक पडत नाही. भेसळ पकडली की काम झालं, हाही भ्रमच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरले अवघे 12. अफ्लाटॉक्सिन एम-1 हे बुरशीजन्य विष मात्र 368 नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ते येतं बुरशी लागलेल्या सरकी पेंडीतून, मक्यातून, आणि दूध उकळून जात नाही.

दुधातल्या कीटकनाशकांच्या तपासणीला उशीर होतो तो यंत्रामुळे, असंही म्हटलं जातं. खरा वेळ जातो आधीच्या तयारीत. जुन्या पद्धतीत दूध हेक्झेनसारख्या द्रावकासोबत हलवायचं. चरबी आणि प्रथिनांमुळे थर नीट सुटत नाहीत, मध्ये फेसाळ लगदा अडकतो. तो बसेपर्यंत थांबायचं, मग द्रावक उडवायचं, शिवाय सोबत आलेली चरबीही काढायची.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात यानुष पावलिशिन यांनी 1990 च्या सुमारास यावर तोड काढली. पोकळ सुईत काचेचा बारीक धागा असतो, त्याच्या सेंटिमीटरभर टोकाला सिलिकॉनसारख्या पॉलिमरचा लेप. बंद कुपीत दूध तापवायचं आणि धागा वरच्या हवेत धरायचा. दुधाला तो लागतही नाही. उडून आलेली रसायनं लेपात मुरतात. तीच सुई गॅस क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या तोंडात खुपसली की ती सुटून थेट यंत्रात जातात. द्रावकाचा थेंबही लागत नाही.

धागा दुधातलं सगळं कीटकनाशक ओढून घेतो, ही समजूत मात्र सर्वांत घातक. तो उचलतो फक्त एक हिस्सा, आणि तो किती, हे दुधावर ठरतं. डीडीटीसारखी रसायनं चरबीला चिकटून बसतात, त्यामुळे म्हशीच्या दाट दुधातून हवेत कमीच येतात. पाण्यावर बेतलेलं मोजमाप इथे लावलं, तर दूषित दूधही स्वच्छ ठरेल. म्हणून तसल्याच दुधात रसायनाची ठरावीक मात्रा मिसळून आधी मोजपट्टी तयार करावी लागते.

आणि हा धागा सगळ्यांवर चालतो असंही नाही. अफ्लाटॉक्सिन किंवा बहुतेक प्रतिजैविकं तापवून हवेत येत नाहीत. त्यांच्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी वापरतात, आणि तिथे द्रावक आलंच. कीटकनाशकांसाठी 2003 मध्ये आलेली ‘क्वेचर्स’ पद्धत झटपट खरी, पण तिच्या मूळ कृतीतही 10 ग्रॅम नमुन्याला 10 मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल लागतं.