अंशाच्या दहाव्या भागासाठी

सिलिकॉनच्या चकतीचा नखाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला की संगणकाचा पडदा जांभळा होतो. सिलिकॉनवर 285 नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर मुद्दाम चढवलेला असतो, त्याचा हा रंग. त्या जांभळ्या मैदानावर ग्राफाइटचे पापुद्रे विखुरलेले दिसतात. जाड असतात ते पिवळे चमकतात, पातळ असतात ते निळे. समोर बसलेल्या संशोधक विद्यार्थिनीला यातलं काहीच नको असतं. तिला हवा असतो तो पापुद्रा आजूबाजूच्या जांभळ्यापेक्षा जेमतेम एक छटा गडद असतो. एकाच अणूच्या जाडीचा कार्बनचा थर, म्हणजे ग्राफीन, स्वतःवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 2.3 टक्केच शोषून घेतो. ऑक्साइडची जाडी बरोबर साधलेली असते म्हणून तेवढाही फरक डोळ्याला कळतो.

“हा बघा सर,” ती म्हणाली. मला सपाट जांभळा रंगच दिसत होता. तिने कॉन्ट्रास्ट वाढवला, तेव्हा कुठे एक कडा उमटली. इथे सगळे त्याला फ्लेक म्हणतात. फ्लेक निदान वीसेक मायक्रॉन लांब हवा, त्यावर घडी नको, चीर नको, चिकटपट्टीच्या गोंदाचा डाग नको. अशा एका फ्लेकसाठी चिपमागून चिप पाहण्यात दुपार जाते आणि संध्याकाळी हाती काही लागेलच असं नसतं.

पापुद्रे सुटे करण्याची रीत वीस वर्षांत फारशी बदललेली नाही. 2004 साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून सोलून ग्राफीन वेगळं केलं. 2010 चं नोबेल त्या कामाला मिळालं. आज ग्राफीनचे मोठमोठे थर भट्टीत वाढवता येतात, पण अशा नाजूक मोजमापांसाठी लागणारा निर्दोष थर अजून चिकटपट्टीनेच निघतो. पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची. मग चिपवर दाबून थोडी गरम करायची आणि अगदी सावकाश ओढायची. किती सावकाश, हे ज्याच्या त्याच्या हाताला ठाऊक.

एवढी मेहनत कशासाठी, याचं उत्तर इलेक्ट्रॉनच्या वागण्यात आहे. धातूचं नेहमीचं गणित प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू एकटाच धावतोय असं धरून मांडतात, आणि आश्चर्य म्हणजे ते बहुतेक वेळा जमतं. सगळे इलेक्ट्रॉन ऋणभारित, म्हणजे एकमेकांना दूर लोटणारे. पण धावण्याची ऊर्जा भरपूर असली की हे लोटणं फारसं जाणवत नाही. काही पदार्थांत मात्र हे गणित कोसळतं. निकेल ऑक्साइडमधून वीज वाहायला हवी असं ते सांगतं, प्रत्यक्षात तो विद्युतरोधक आहे. 1937 सालीच हे कोडं समोर आलं होतं. तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या धाकाने जागीच अडकून पडतात. अशा एकमेकांत गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांचं गणित सोडवणं फार कठीण, कारण एकाचं वागणं बाकी सगळ्यांवर अवलंबून. म्हणून प्रयोगातूनच वाट काढावी लागते.

ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन मुळात सुसाट धावणारे. त्यांना मंद कसं करायचं? मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर जरा तिरके पडले की जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी नक्षी डोळ्यांपुढे येते. ग्राफीनचे दोन थर किंचित फिरवून एकावर एक ठेवले की तशीच नक्षी अणूंच्या जाळीत उमटते. तिला मोआरे म्हणतात. कोन 1.1 अंशांच्या आसपास असला तर नक्षीचं एक घर सुमारे 13 नॅनोमीटर रुंद होतं आणि त्यात सुमारे अकरा हजार अणू मावतात. टेक्सास विद्यापीठातल्या राफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅकडोनाल्ड यांनी 2011 मध्ये गणिताने दाखवलं की नेमक्या याच कोनाला इलेक्ट्रॉनांचा वेग जवळजवळ संपतो. धावण्याची ऊर्जा उरत नाही, एकमेकांना लोटणं तेवढं उरतं. या कोनाला ‘मॅजिक अँगल’ हे नाव पडलं.

गणित मांडलं गेलं, पण असा नमुना करायला आणखी काही वर्षं लागली. त्याचं कारण हाताच्या कामात होतं. दोन वेगवेगळे फ्लेक घेतले तर त्यांच्या अणूंच्या रांगा कुठल्या दिशेने आहेत हे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. टेक्सासमधल्याच इमॅन्युएल टुटुक यांच्या गटाने 2016 मध्ये यावर साधी आणि सुंदर तोड काढली: एकच फ्लेक घ्या आणि त्याचे दोन भाग करा. दोन्ही भागांच्या रांगा जन्मतःच समांतर. आता एक भाग हवा तेवढा फिरवा.

मी हे होताना जवळून पाहिलं. काचपट्टीवर पारदर्शक रबराचा छोटा उंचवटा, त्यावर पॉलिकार्बोनेटची पातळ फिल्म. हा झाला स्टॅम्प. त्याने आधी बोरॉन नायट्राइडचा पापुद्रा उचलला जातो. मग त्याची कड ग्राफीनच्या मधोमध आणून हळूच टेकवायची. फ्लेक आधीच मधोमध कापून ठेवलेला असतो. अर्धा भाग बोरॉन नायट्राइडला चिकटून वर येतो, अर्धा चिपवर राहतो. आता स्क्रू फिरवून खालचा मंच 1.1 अंशांहून किंचित जास्त वळवतात. वीस मायक्रॉन लांबीच्या फ्लेकचं दुसरं टोक यात अर्धा मायक्रॉनसुद्धा सरकत नाही. मग उरलेला अर्धा भाग उचलायचा, त्याखाली बोरॉन नायट्राइडचा दुसरा थर, त्याखाली ग्राफाइटचा. या रचलेल्या थरांना स्टॅक म्हणतात.

स्टॅम्प खाली येताना फिल्म टेकलेल्या भागाची सीमा पडद्यावर रंगीत कडेने दिसते. ती कड फ्लेककडे सरकू लागली की खोलीतलं बोलणं थांबतं. मंच गरम करणारं बटण अर्धा-अर्धा अंश चढवलं जातं आणि कड तापमानाबरोबर पुढे येते. घाई झाली तर दोन थरांच्या मध्ये हवा आणि मळ अडकून फुगे धरतात. फुग्याभोवती ग्राफीन ताणलं जातं, ताणलं की कोन बिघडतो. फार गरम केलं तर वेगळीच आपत्ती: वळवलेले दोन थर पुन्हा एकमेकांना जुळवून घेऊ पाहतात, कारण निसर्गाला शून्य अंशच सोयीचा. म्हणूनच सुरुवातीला कोन थोडा जास्त ठेवतात. किती जास्त, याचा नियम नाही. ती म्हणाली, “माझ्या सीनियरचा आकडा वेगळा होता. माझा हात वेगळा, मग आकडाही वेगळा.”

बोरॉन नायट्राइडबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मथळ्यांत त्याचं नाव येत नाही. ग्राफीनला सपाट आणि स्वच्छ अंथरूण लागतं, ते हा स्फटिक देतो. कोलंबिया विद्यापीठात 2010 मध्ये कोरी डीन आणि सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं. उत्तम स्फटिक प्रामुख्याने जपानमधल्या त्सुकुबा इथे ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे प्रचंड दाबाच्या यंत्रात वाढवतात आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवतात. या क्षेत्रातल्या असंख्य शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून या दोघांची नावं असतात. मला हा या विज्ञानातला अतिशय लोभस भाग वाटतो. एकमेकांशी चुरस करणारे बहुतेक गट त्याच दोन माणसांच्या स्फटिकांवर उभे आहेत.

पुढचे टप्पे यंत्रांचे. इलेक्ट्रॉन झोताने आकार आखायचा, प्लाझ्माने कोरायचा, क्रोमियम आणि सोन्याचे विद्युत-संपर्क द्यायचे, केसाहून बारीक तारा जोडायच्या. तारा जोडताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधलेला असतो. अंगावरची स्थिर वीज एका क्षणात सगळं जाळू शकते. मग हे तयार डिव्हाइस फ्रिजमध्ये जातं. हा फ्रिज हेलियम-3 आणि हेलियम-4 यांच्या मिश्रणावर चालतो आणि निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत उतरतो. नमुन्यातून जाणारा प्रवाह काही नॅनोअँपिअरचा, आणि त्याची वारंवारता वीस हर्ट्झच्याही खाली, म्हणजे भिंतीतल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण मोजमापात मिसळत नाही.

कोन खरोखर किती साधला हे कळायला एवढं सगळं व्हावं लागतं. खालचा ग्राफाइटचा थर हेच गेट; त्यावर व्होल्टेज बदलत नेलं की ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते. मोआरेच्या प्रत्येक घरात चार इलेक्ट्रॉन भरले की रोध एकदम वर जातो. 1.1 अंशाला हे चौरस सेंटिमीटरमागे सुमारे 2.8 लाख कोटी इलेक्ट्रॉनांना घडतं; कोन कमी तर आकडा कमी. शिखरांमधलं अंतर मोजायचं आणि कोन काढायचा. त्या दिवशी आलेख पडद्यावर सरकत होता, शिखर अपेक्षेपेक्षा अलीकडे आलं. कोन 0.93 निघाला. अतिसंवाहकतेची, म्हणजे वीज रोधाविना वाहण्याची, आशा संपली. तिने वहीत आकडा लिहिला, पुढच्या दोन टोकांवर मोजणी लावली. तिथे 0.96 आला. एकाच डिव्हाइसमध्ये, काही मायक्रॉनवर, कोन वेगळा.

हा काही या प्रयोगशाळेपुरता दोष नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत एली झेल्डोव्ह यांच्या गटाने 2020 मध्ये अशा नमुन्यांच्या कोनाचे नकाशेच काढले. चांगल्या नमुन्यांतही कोन जागोजाग बदलत होता. म्हणून इथे प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा स्वभाव असतो आणि दोन गटांचे निष्कर्ष जुळले नाहीत तर आधी नमुन्यांकडे पाहावं लागतं. शोधनिबंधात मात्र स्टॅक कसा केला याला चार ओळी मिळतात. मला हे अपुरं वाटतं. सुरुवातीच्या कोनाचा तो आकडा, ती गती, कुठला फुगा टाळला आणि कुठला चालवून घेतला, हे ज्ञानच आहे. आज ते एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे शेजारी बसून पोचतं आणि शिकलेला माणूस पीएचडी संपवून गेला की बरंचसं त्याच्याबरोबर जातं.

जमलं तर काय हाती लागतं, ते मार्च 2018 मध्ये दिसलं. एमआयटीतल्या पाब्लो हारियो-एरेरो यांच्या गटाने, तेव्हा विशीत नुकत्याच आलेल्या युआन काओच्या हातच्या नमुन्यांवर, एकाच वेळी दोन निबंध प्रसिद्ध केले. प्रत्येक घरात दोन इलेक्ट्रॉनांइतका फरक पडला की ग्राफीन विद्युतरोधक होतं. तिथून संख्या थोडी हलवली की 1.7 केल्विनला अतिसंवाहक. अतिसंवाहक म्हणून आधीपासून परिचित असलेल्या ताम्र-ऑक्साइडच्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांची संख्या बदलायची तर सहसा नवा स्फटिक वाढवावा लागतो. इथे एकाच नमुन्यात गेटचं व्होल्टेज फिरवलं की झालं. ही अतिसंवाहकता नेमकी कशामुळे, यावर वाद अजून चालू आहे.

भारतातही हे काम चाललं आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने दुहेरी ग्राफीनचे दोन थर वळवून त्यांच्या ऊर्जापट्ट्यांतली उलथापालथ विद्युत मोजमापाने पकडली. तो निबंध 2022 चा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मॅजिक अँगलच्या ग्राफीनवर उष्णतेपासून निर्माण होणाऱ्या विजेची मोजमापं झाली.

दरम्यान क्षेत्र ग्राफीनपाशी थांबलेलं नाही. 2023 मध्ये सिॲटलमधल्या शाओदोंग शू यांच्या गटाला वळवलेल्या मॉलिब्डेनम डायटेल्युराइडमध्ये अशी अवस्था सापडली जिथे इलेक्ट्रॉनांचा समूह विद्युतभाराच्या अपूर्णांकांत वागतो, तेही बाहेरचं चुंबकीय क्षेत्र शून्य असताना. 1982 मध्ये अपूर्णांकांचा हा परिणाम प्रथम दिसला तेव्हा प्रचंड चुंबकीय क्षेत्र लागलं होतं. हा नवा पदार्थ हवेत बिघडतो, त्यामुळे सोलणं, शोधणं, उचलणं सगळं नायट्रोजन किंवा अरगॉन भरलेल्या बंद पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून करावं लागतं. तिने तो सराव आता सुरू केला आहे. स्टॅम्पचा स्क्रू हातमोज्यातून नीट जाणवत नाही, म्हणून मंचाला मोटर बसवायचं काम वर्कशॉपकडे दिलंय. मोटर येईपर्यंत 0.96 वाल्या डिव्हाइसची चुंबकीय क्षेत्रातली मोजणी पूर्ण करून घ्यायची आहे.