नकाशावरचा रंग आणि ओसरीवरचें पाणी

वर्तमानपत्रांतील जाहीर नोटिसांचा रकाना आपल्या घरांतून कोणी वाचीत असेल, असें वाटत नाहीं. वडीलधारी मंडळी अग्रलेख वाचतात, मुलें खेळांचें पान आधीं ओढून घेतात, आणि सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, ‘विकास योजनेंत फेरबदल’ अशा शब्दांनीं भरलेली ती बारीक टाइपाची चौकट तशीच रद्दींत जाते. कोल्हापुरांतील कुटुंबांना तरी ही चैन परवडणारी नाहीं. अमुक जमीन हिरव्या पट्ट्यांतून पिवळ्या पट्ट्यांत घ्यावयाची आहे, म्हणजे ती शेतीची न राहतां घरांची व्हावयाची आहे, एवढेंच त्या चौकटींत सांगितलेलें असतें. त्या जमिनीवर आजवर विसावणारें पुराचें पाणी उद्यां कोणाच्या ओसरीवर जाईल, हें तींत नसतें.

कोणती जमीन कशाला द्यावयाची, हें ठरविण्याची रीत करवीरांत नवी नाहीं. १८९१ सालीं मिरजेहून आगगाडी आली आणि १८९५ सालीं शाहू महाराजांनीं व्यापारासाठीं शाहूपुरी ही पेठ वसविली. गुळाचा बाजार त्यामुळें रेल्वेच्या शेजारीं आला. पुढें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत राजारामपुरी वाढली. तिच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांच्या सरळ गल्ल्या पाहिल्या म्हणजे आधीं कागदावर रेघा ओढल्या व मागाहून घरें बांधलीं, हें निराळें सांगावें लागत नाहीं. तेव्हां हुकूम दरबारचा असे. आतां ठराव महानगरपालिकेच्या सभेंत होतो, इतकाच काय तो फरक.

पण याच शहरानें आपलीं तळींही बुजविलीं. कपिलतीर्थाच्या जागीं भाजीची मंडई झाली, वरुणतीर्थाचें गांधी मैदान झालें. आपण त्याला मैदान म्हणूं लागलों. पाणी मात्र त्याला अजून तीर्थच समजतें, आणि पावसाळ्यांत तेथें येऊन साचतें!

पंचगंगेचें पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तेथें ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी मानली आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही सालीं पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेलें. त्यापूर्वीं २००५ चा महापूर होताच. नदी फुगली म्हणजे जयंती नाल्याचें पाणी पुढें सरकत नाहीं, तें उलट शहरांत शिरतें. २०१९ च्या ऑगस्टांत शाहूपुरीच्या कुंभार गल्लींत आणि बापट कॅम्पांत पाणी शिरलें, तेव्हां चतुर्थी अवघ्या तीन-चार आठवड्यांवर आली होती व कारागिरांच्या घरीं मूर्ति तयार होऊन बसल्या होत्या. त्या मातीच्या गणपतींचें काय झालें असेल, तें सांगावयास नको.

या नदीकांठीं पाटबंधारे खात्यानें दोन रेषा आंखल्या आहेत. साधारण २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी, आणि १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आंत बाग, क्रीडांगण, शेती असावी, नवीं घरें नसावींत, असा सामान्य नियम. दोन रेषांच्या मध्यें घर बांधावयाचें तर जोतें लाल रेषेच्या पातळीहून सुमारें दीड फूट उंच हवें, अशी अट. वाचतांना ही अट मोठी शहाणपणाची वाटते. परंतु जोतें उंच करण्याच्या निमित्तानें सबंध आवारांत मुरमाचा भराव पडूं लागला, तर बांधणाराचें घर कोरडें राहतें आणि त्या भरावाएवढें पाणी शेजाऱ्याकडे सरकतें. भरावाच्या एकेका ट्रकाचा हिशेब एकेका अर्जांत दिसत नाहीं. सर्वांचा मिळून तो नदीच्या पाण्यांत दिसतो.

जमीनमालकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तीन भावांच्या सामाईक मळ्यावर एके दिवशीं निळी रेषा येते, किंवा वाडवडिलांच्या जागेवर बागेचें आरक्षण पडतें. बाग सर्व गांवाला हवी असते, किंमत मात्र एका घरानें मोजावयाची. मुलीचें लग्न, धाकट्याचें शिक्षण, वांटणी, सारें त्या एका रंगापाशीं अडतें. यासाठींच १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यांत १२७ वें कलम आहे. योजना अमलांत येऊन १० वर्षें झालीं व जागा संपादन झाली नाहीं, तर मालकानें नोटीस द्यावी. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचें पाऊल उचललें गेलें नाहीं तर आरक्षण गळून पडतें. मालक सुटतो आणि बागही जाते. या बाबतींत माझा राग मालकापेक्षां १० वर्षें स्वस्थ बसणाऱ्या व्यवस्थेवर अधिक आहे.

नदीकांठच्या हिरव्या पट्ट्याची गोष्ट मात्र निराळी. बाग दुसरीकडे करतां येते. पुराची जागा दुसरीकडे नेतां येत नाहीं.

मंजूर योजनेंत असा फेरबदल करावयाचा तर त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमाची वाट आहे. महापालिकेनें राजपत्रांत व वर्तमानपत्रांत नोटीस द्यावयाची, ज्यांना बाध येतो त्यांना स्वतंत्र कळवावयाचें, एक महिन्याच्या मुदतींत हरकती व सूचना घ्यावयाच्या, हरकतदारांचें म्हणणें ऐकावयाचें, आणि मग प्रस्ताव राज्य सरकारकडे मंजुरीस धाडावयाचा. सभेंतला ठराव म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. शहराबाहेरील जमिनीसाठीं कचेरीही निराळी असूं शकते, कारण २०१७ सालीं भोंवतालच्या ४२ गांवांसाठीं वेगळें प्राधिकरण स्थापन झालें. नोटीस कोणत्या कचेरीची आहे, तें आधीं पाहावें.

हरकत घेण्यास जमीन आपली असावी लागत नाहीं. कायद्याचा शब्द ‘कोणतीही व्यक्ति’ असा आहे. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेंच नांव असलें, किंवा घरांतल्या सुनेचें नांव कोठेंच नसलें, तरी चालतें. पुराच्या दिवशीं माडीवर धान्य कोणी चढविलें आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें होतें, हें बहुधा तिलाच नेमकें ठाऊक असतें. तें सालासकट साध्या कागदावर लिहावें, भिंतीवरची पुराची खूण जमिनीपासून मोजून तिची उंची द्यावी, भराव कोठें पडला आहे तें दाखवावें, आणि मुदत संपण्यापूर्वीं कागद कचेरींत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा.