एकट्यानें कीं सोबतीनें?

व्हिडिओ गेम हा मुलांचा विषय, असें समजून वडीलधारीं माणसें पुष्कळदां त्याकडे पाठ फिरवितात. परंतु त्यांतील एक प्रश्न थोरांनींही विचार करावा अशा योग्यतेचा आहे. ज्या खेळांत आपण एका पात्राची भूमिका घेऊन विस्तीर्ण कल्पित प्रदेशांत भटकतों, तो एकट्यानें खेळावा, कीं इंटरनेटच्या द्वारें इतरांच्या संगतीनें? उदाहरणादाखल मी ‘एल्डन रिंग’ हा जपानी खेळ घेतों. टोकियो येथील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीनें तो २०२२ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध केला. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी.

ऑनलाइन म्हटलें म्हणजे गलबला, गप्पा आणि झुंबड, अशी आपली समजूत असते. येथें तसें नाहीं. मियाझाकी यांनींच सांगितलेली एक हकीकत आहे. बर्फाच्या दिवसांत एका चढणीवर मोटारी अडकल्या होत्या. मागच्या मोटारीनें पुढच्या मोटारीस ढकलावें, अशा रीतीनें रांगच्या रांग वर सरकली आणि मियाझाकी यांची मोटारही कोणा अनोळखी माणसाच्या धक्क्यानें माथ्यावर पोहोंचली. आभार मानण्यासाठीं थांबावें, तर मोटार पुन्हां रुतावयाची! तो माणूस त्यांस पुन्हां कधीं भेटला नाहीं. २००९ सालीं निघालेल्या त्यांच्या ‘डीमन्स सोल्स’ या खेळांतील ऑनलाइन रचना या अनुभवावरून सुचली, आणि ‘एल्डन रिंग’मध्यें तीच पुढें आली आहे.

म्हणून इंटरनेट जोडलेलें असलें तरी येथें आपण बहुतेक वेळ एकटेच असतों. दिसतात त्या इतरांच्या खुणा. ठराविक शब्दांतून जुळविलेला संदेश जमिनीवर कोणी ठेवून गेलेला असतो. रक्ताच्या डागास स्पर्श केला कीं, तेथें कोणी तरी कसा मेला, तें लाल छायेच्या रूपानें दिसतें. संदेश आपण पसंत केला, तर तो लिहिणाराची प्राणशक्ति, तो जेथें खेळत असेल तेथें, भरून येते. अर्थात् सारे सज्जनच लिहितात असें नव्हे. कड्याच्या टोकाशीं ‘उडी मारून पाहा’ असें सुचविणारे महाभाग पुष्कळ!

खरी सोबत हवी असेल, तर एक औषधी वापरून जमिनीवरील निमंत्रणाच्या खुणा प्रकट कराव्या लागतात, आणि मग दोघांपर्यंत सहायक बोलावितां येतात. हा सौदा मात्र फुकटचा नाहीं. सहायक आला कीं आपला घोडा वापरतां येत नाहीं. मृतात्म्यांस मदतीला हांक मारणारी घंटा मुकी होते. प्रमुख शत्रूची प्राणशक्ति वाढते. आणि परक्या आक्रमकास आपल्या जगांत शिरण्याची वाट मोकळी होते. एकट्यानें हिंडणाऱ्यावर, त्यानें मुद्दाम आव्हान दिल्यावांचून, असा हल्ला होत नाहीं. ऑनलाइन असणें आणि सोबती बोलावणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ज्यांस ठाऊक नसतें, ते आक्रमणाच्या भीतीनें उगीच जोडणीच तोडून बसतात.

ऑफलाइन खेळतांना खेळाडूंचे संदेश व छाया नाहींशा होतात. घोडा आणि घंटा राहतात. कित्येक ठिकाणीं यंत्रानेंच चालविलेलीं पात्रें मदतीस येतात. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिटशीं झुंजतांना रोजिअर हा मांत्रिक असाच बोलावितां येतो. मात्र ऑफलाइन झालें म्हणजे दारांत पाहुणे आले असतां खेळ थांबवितां येईल, ही आशा नको. तशी सरळ कळच या खेळांत ठेवलेली नाहीं.

माझें मत विचाराल, तर पहिला प्रवास जोडणी ठेवून, पण कोणास न बोलावितां करावा. यांतही कांहीं हानि आहेच. भिंतीआडची गुप्त वाट स्वतःच्या तर्कानें सांपडण्याचा आनंद एकदांच मिळावयाचा, आणि तोही एखादा संदेश हिरावून नेतो. ज्यास हा आनंद अधिक प्रिय असेल, तो ऑफलाइन राहिला तर मी त्यास दोष देणार नाहीं. पण मार्गिटपुढें लागोपाठ चार संध्याकाळीं हरलांत, तर खुशाल सहायक बोलवा. चढणीवर मोटार ढकलून घेण्यांत कमीपणा कसला?

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकण्याजोगी नाहीं. एकट्याचा प्रवास दहा वर्षांनींही करतां येईल; सोबत ही कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते. ‘डीमन्स सोल्स’मध्यें एका वृद्ध भिक्षूच्या दालनांत प्रमुख शत्रु म्हणून दुसरा जिवंत खेळाडूच समोर आणला जाई. प्लेस्टेशन ३ वरील त्या खेळाचे सर्व्हर २८ फेब्रुवारी २०१८ रोजीं बंद झाले. २०२० मध्यें प्लेस्टेशन ५ साठीं तो खेळ नव्यानें घडविण्यांत आला, आणि त्यांत ही सोय पुन्हां आली. मूळ खेळ जुन्या यंत्रावर आजही एकट्यानें खेळतां येतो. त्या दालनांत शत्रु उभाही राहतो. पण त्याला आतां यंत्र चालवितें.